चाळीस सागरी मैलांपलीकडचा लेफ्टनंट

दीवला लोक समुद्रासाठी जातात, पोर्तुगीज किल्ल्यासाठी जातात, आणि शेजारच्या गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे कितीतरी जण त्याही ओढीने जातात. माझं जाणं खुकरीसाठी होतं. उन्याहून येणारा रस्ता घोघल्यातून पूल ओलांडून बेटावर उतरतो. पूर्वेच्या टोकाला किल्ला, खाडीच्या तोंडाशी पाण्यात उभा असलेला पाणीकोठा, आणि गाव मागे टाकून दक्षिण किनाऱ्याने पश्चिमेकडे निघालं की चक्रतीर्थाच्या बाजूला समुद्राकडे तोंड केलेली एक टेकडी लागते. तिच्यावर काचेच्या घरात ‘आयएनएस खुकरी’ची प्रतिकृती ठेवली आहे. पश्चिम नौदल विभागाचे तेव्हाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल माधवेंद्र सिंग यांनी १५ डिसेंबर १९९९ रोजी या स्मारकाचं उद्घाटन केलं. जहाज बुडाल्याला तोवर २८ वर्षं होऊन गेली होती. ते बुडालं ती जागा दीवच्या किनाऱ्यापासून ४० सागरी मैलांवर, म्हणजे सुमारे ७४ किलोमीटरवर आहे. टेकडीवरून दिसणारं क्षितिज त्याच्या निम्म्यावरही पोचत नाही. इथे उभं राहून समोरच्या पाण्याला हात जोडणारा माणूस प्रत्यक्ष त्या जागेकडे पाहूच शकत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. समुद्रात गेलेल्याला थडगं नसतं, समाधी नसते, चितेची जागा नसते. त्याच्या नावाने जमिनीवरची एखादी जागा ठरवावीच लागते. ती ठरवल्यावर तिथे आलेल्याला सांगायचं काय, हा खरा प्रश्न. दीवमध्ये फिरताना माझं याबाबतचं मत पक्कं होत गेलं. समुद्रात हरवलेला माणूस शेवटच्या घटकेपर्यंत कोणतं काम करत होता हे कळलं, तरच त्याची आठवण टिकते. नुसत्या बलिदानाच्या वर्णनात सगळे सारखेच दिसू लागतात. आणि खुकरीवरच्या माणसांचं काम आपण लोकांना नीट सांगितलेलं नाही.

घटना थोडक्यात अशी. ३ डिसेंबर १९७१ ला भारत-पाकिस्तान युद्धाला तोंड फुटलं. ४ तारखेच्या रात्री आणि पुन्हा ८ तारखेच्या रात्री भारतीय क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ले केले. नौदल दिन ४ डिसेंबरला असतो तो त्यामुळेच. त्याच दिवसांत ‘हंगोर’ ही पाकिस्तानची फ्रेंच बनावटीची पाणबुडी सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वावरत होती. तिच्या अस्तित्वाचा सुगावा लागल्यावर १४ व्या फ्रिगेट स्क्वाड्रनमधल्या खुकरी आणि कृपाण या दोन बहिणींना तिच्या मागावर धाडण्यात आलं. ९ तारखेच्या रात्री नवाच्या आधी हंगोरचा पहिला पाणतीर कृपाणच्या रोखाने सुटला, पण फुटला नाही. दुसरा खुकरीला लागला आणि काही मिनिटांत ती पाण्याखाली गेली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. ६७ जण वाचले. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धनौका बुडवल्याचा जगातला हा पहिला प्रसंग, आणि भारतीय नौदलाने युद्धात गमावलेली ही एकमेव युद्धनौका. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपलं जीवरक्षक जाकीट एका नौसैनिकाला दिलं, तरुण अधिकाऱ्यांना जहाजावरून पाण्यात ढकललं आणि स्वतः जहाजाबरोबर गेले, असं वाचलेल्यांनी सांगितलं. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. देशाच्या मनात खुकरी म्हटलं की उभं राहतं ते हेच चित्र, आणि ते उभं राहावं यात दुमत असण्याचं कारण नाही.

पण त्या जहाजावर आणखी एक माणूस होता, ज्याच्याविषयी किनाऱ्यावर फारसं कुणी बोलत नाही. लेफ्टनंट व्ही. के. जैन. विद्युत शाखेतला तरुण अधिकारी. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात त्यांनी एका विषयावर काम केलं होतं: आपल्या जहाजांवरच्या जुन्या ब्रिटिश सोनारचा पल्ला कसा वाढवायचा. तयार झालेलं उपकरण प्रयोगशाळेत पडून राहिलं नाही. युद्ध लागलं तेव्हा ते खुकरीवर चढवण्यात आलं आणि त्याच्याबरोबर जैनही समुद्रावर गेले. हे कुणा हौशी संशोधकाचं अनुमान नाही. व्हाइस ॲडमिरल हिरानंदानी यांनी नौदलाच्या इतिहासात याची चर्चा केली आहे, आणि ते स्वतः १९७१ मध्ये पश्चिम ताफ्याचे ऑपरेशन्स अधिकारी होते. मेजर जनरल इयन कार्डोझो यांनी २००६ मध्ये वाचलेल्या नौसैनिकांच्या कहाण्यांचं पुस्तक प्रसिद्ध केलं, त्यामुळे हा विषय सामान्य वाचकापर्यंत पोचला. जैन यांच्या उपस्थितीला एवढं महत्त्व का, हे कळायला मात्र सोनारचं काम थोडं जवळून पाहावं लागतं. ज्याला त्या रात्रीचा अर्थ लावायचा आहे त्याला या खोलीत उतरल्याशिवाय गत्यंतर नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

सोनार पाण्यात आवाजाचा ठोका सोडतं आणि पाणबुडीच्या पोलादावर आपटून परत येणारा प्रतिध्वनी टिपतं. ऐकायला सोपं, करायला महाकठीण. उष्ण कटिबंधातल्या समुद्रात वरचं पाणी तापलेलं असतं आणि एका खोलीनंतर ते झपाट्याने गार होत जातं. त्या सीमेवर आवाजाची वाट वाकते, खाली वळते, आणि तिच्या आडोशाला दडलेली पाणबुडी ठोक्याच्या कक्षेतच येत नाही. उत्तर अटलांटिकच्या गार पाण्यासाठी घडवलेली ब्रिटिश यंत्रं आपल्या समुद्रात उणी पडत, त्याचं हे एक मोठं कारण. दुसरी अडचण जहाजाची स्वतःची. वेग जितका जास्त, तितका पंख्याचा, यंत्रांचा आणि पाणी कापण्याचा गोंगाट जास्त. पिठाच्या गिरणीत उभं राहून शेजारच्या खोलीतली कुजबुज ऐकावी, तशी तेव्हा सोनारवर बसलेल्या माणसाची गत होते. म्हणजे नीट ऐकायचं तर जहाज हळू चालवायला हवं. आणि पाणबुडीच्या टापूत हळू चालणारं जहाज हे तिचं सर्वांत सोपं लक्ष्य असतं. आता यात शस्त्रांचा हिशोब मिळवा. खुकरी २५ नॉटहून अधिक वेगाने धावू शकत होती. पाणबुडीवर मारा करायला तिच्याकडे लिंबो नावाच्या उखळी तोफा होत्या आणि त्यांचा पल्ला जेमतेम हजार यार्डांचा. पाणतीर त्याच्या कितीतरी पट दुरून सुटतो. तेव्हा शिकाऱ्याला सावजाच्या अगदी जवळ जाणं भाग, आणि सावजाला मात्र दुरूनच वार करता येणार. वर हंगोरचं सोनार खुकरीच्या सोनारपेक्षा नवं आणि सरस. या विषम सामन्यात एकच गोष्ट तोल बदलू शकत होती: खुकरीने आधी ऐकणं. जैन यांचं उपकरण त्यासाठीच होतं. त्या रात्री खुकरी संथ गतीने चालली होती. पुढे ज्यांनी त्या घटनेची मीमांसा केली त्यांतल्या अनेकांनी या संथपणाचा संबंध त्या उपकरणाच्या चाचणीशी जोडला आहे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. वेगाचा प्रश्न काढणं म्हणजे मेलेल्या कॅप्टनवर आणि मेलेल्या लेफ्टनंटवर ठपका ठेवणं नव्हे काय? ज्यांनी प्राण दिले त्यांच्या स्मारकापाशी चुकांची चर्चा कशाला? या भावनेचा मला आदर आहे, पण तिचा परिणाम मला मान्य नाही. वेगाचा प्रश्न त्या जहाजापाशी थांबत नाही. त्याचा माग काढत गेलं तर तो जहाजाच्या बराच वर आणि बराच मागे जातो. ज्या नौदलाच्या फ्रिगेटवर १९५०च्या दशकातली सोनार यंत्रणा १९७१ मध्येही तशीच होती, त्याला ती वेळेत का बदलता आली नाही? पाणबुडी शोधायला आधी आकाशातून मदत लागते. समुद्रावर लांबवर टेहळणी करणारी मोठी विमानं तेव्हा हवाई दलाच्या ताब्यात होती, नौदलाकडे ती १९७६ मध्ये आली. ‘विक्रांत’ आपली पाणबुडीविरोधी विमानं घेऊन बंगालच्या उपसागरात गुंतली होती. हाताशी जे होतं ते पाठवण्यात आलं, आणि हाताशी खुकरी आणि कृपाण होत्या. हे सगळं समोर ठेवलं की कॅप्टन मुल्ला यांच्यापुढची निवड किती अवघड होती ते दिसतं: वेगाने जाऊन बहिरं व्हायचं, की हळू जाऊन ऐकायचा धोका पत्करायचा. त्यांनी दुसरा मार्ग धरला. तो चुकीचा होता असं म्हणणारे अनुभवी नौदल अधिकारी आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण तो भ्याडाचा किंवा बेफिकीर माणसाचा निर्णय नव्हता. जहाजाबरोबर जाणारा कॅप्टन एवढंच सांगितलं, तर आदर वाटतो आणि विषय संपतो. असल्या पेचात उभा राहिलेला कॅप्टन आणि त्याच्या शेजारी आपल्या यंत्रावर भरवसा ठेवून समुद्रावर आलेला तरुण अभियंता, असं सांगितलं तर दोघंही माणसं म्हणून कळतात. चुकीची शक्यता झाकून ठेवल्याने त्यांचं मोठेपण वाढत नाही. उलट ज्या धोक्याला ते सामोरे गेले त्याचं मापच आपण पुसून टाकतो.

मग कुणी म्हणेल, १९४ जण गेले असताना एका लेफ्टनंटचं नाव काढून दाखवण्यात काय न्याय? बॉयलरपाशी राबणारे, संदेश पाठवणारे, स्वयंपाकघरातले, यांचं काय? आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर मला मुंबईतच सापडतं. मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक भारतीय खलाशांचं स्मारक आहे. त्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही. अशा माणसांच्या नोंदी ठेवणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या वह्यांत नावासोबत हुद्दा आणि जहाज यांची नोंद असते. कोकणच्या किनाऱ्याने ब्रिटिश जहाजांना पिढ्यान्‌पिढ्या माणसं पुरवली: भट्टीत कोळसा ओतणारे आगवाले, डेकवरचे टंडेल आणि सारंग, रांधणारे भंडारी. त्यांना पगार तुटपुंजा मिळाला, गोऱ्या खलाशांच्या तुलनेत तर फारच कमी, आणि साम्राज्याने त्यांची किंमत कधी नीट केली नाही. तरीही नोंदवहीत त्यांचं काम लिहिलं गेलं, आणि म्हणून शंभर वर्षांनंतरही तो माणूस जहाजाच्या कोणत्या भागात होता याचा अंदाज बांधता येतो. भट्टीपाशी असलेल्याला पाणतीर लागल्यावर वर येण्याची संधी जवळजवळ नसे, हे त्या एका हुद्द्यावरून कळतं. खुकरीसाठी मला नेमकं हेच हवं आहे. जैन यांचं नाव मी काढतो ते त्यांना इतरांच्या वर बसवायला नव्हे. त्यांचं काम आपल्याला ठाऊक आहे आणि त्यामुळे ते डोळ्यांपुढे येतात, एवढंच त्यातून दाखवायचं आहे. बाकीच्या १९३ जणांचंही काम तसंच लिहिलं गेलं पाहिजे. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात २५,००० हून अधिक नावं ग्रॅनाइटवर कोरली आहेत आणि ते मोठंच काम झालं; पण इतक्या नावांच्या गर्दीत एका जहाजाची माणसं एकत्र दिसणं आणि कोण काय करत होता ते कळणं शक्य नाही. ते काम दीवचं आहे.

दीवच्याच पाण्यात एका तरुण नौदल अधिकाऱ्याला कसं आठवलं गेलं याचं दुसरं उदाहरण आहे, आणि ते आपल्या शत्रूपक्षाचं असल्यामुळे आपल्याकडे कुणी सांगत नाही. १८ डिसेंबर १९६१. गोवा, दमण आणि दीव मुक्त करण्याची मोहीम सुरू झाली तो दिवस. ‘आयएनएस दिल्ली’ ही आपली क्रूझर दीवसमोर होती. पोर्तुगालची ‘वेगा’ नावाची एक छोटी गस्ती नौका इथे तैनात होती, तिच्यावर २० मिलिमीटरची तोफ. तिचा कमांडर ऑलिव्हेरा ई कार्मो हा पंचविशीतला सेकंड लेफ्टनंट. अखेरपर्यंत लढण्याचा हुकूम होता. सकाळी भारतीय विमानं दिसली तेव्हा त्याने त्या एवढ्याशा तोफेने गोळीबार सुरू केला. विमानांनी उलट मारा केला, त्यात तो आणि तोफेवरचा माणूस मारले गेले. ज्या सत्तेसाठी तो लढला ती सत्ता गोमंतकाच्या छातीवर साडेचारशे वर्षं बसली होती. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने लिस्बनमध्ये बसून अशा पोरांना मरणाचे हुकूम पाठवले, हा त्याच्या क्रूरपणाचाच पुरावा आहे. तेव्हा दोन्ही बाजूंची कारणं एका तागडीत घालण्याचा प्रश्नच येत नाही. पण आठवण ठेवण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. पोर्तुगीज नौदलाने पुढे आपल्या एका कॉर्व्हेटला या लेफ्टनंटचं नाव दिलं. ती निवृत्त झाल्यावर २०१२ मध्ये आल्गार्व्हच्या किनाऱ्याजवळ मुद्दाम बुडवली, समुद्रात बुडी मारणाऱ्यांना पाहता यावी आणि सागरी जीवांना आसरा मिळावा म्हणून. सालाझारने उभी केलेली राजवट १९७४ मध्ये उलथली. नव्या पोर्तुगालने वसाहतींचं युद्ध नाकारलं, पण त्या युद्धात पाठवलेल्या पोराचं नाव पुसलं नाही. धोरण चुकलं हे मान्य करणं आणि माणसाचं नाव जपणं या दोन गोष्टी एकाच देशाला एकाच वेळी जमतात. आपल्याला तर इतकी अवघड कसरत करायचीही नाही. १९७१ ची आपली बाजू न्याय्य होती. आपल्याला फक्त एका रात्रीचा तपशील मोकळेपणाने मांडायचा आहे.

नाव पुढे चालवण्याच्या बाबतीत आपलं नौदलही मागे राहिलेलं नाही, हे नोंदवायला हवं. माझगाव डॉकमध्ये बांधलेली दुसरी खुकरी १९८९ मध्ये सेवेत आली, ३२ वर्षांनी डिसेंबर २०२१ मध्ये निवृत्त झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये संग्रहालयासाठी दीव प्रशासनाच्या स्वाधीन झाली. मुंबईच्या कामगारांनी घडवलेलं जहाज आपल्या पूर्वजेच्या किनाऱ्यावर येऊन विसावलं, ही योजना ज्यांना सुचली त्यांचं कौतुकच करायला हवं. अडचण अशी की ही क्षेपणास्त्रवाहू कॉर्व्हेट. पाण्यावरच्या लक्ष्यांवर मारा करायला बांधलेली. जुन्या खुकरीचं काम अगदी वेगळं होतं: पाण्याखालच्या न दिसणाऱ्या शत्रूला ऐकून काढणं. नव्या जहाजाच्या रुबाबदार क्षेपणास्त्र-नळ्या पाहून मुलांचे डोळे चमकतील, पण जुन्या जहाजावरची माणसं का मेली हे त्या नळ्यांवरून समजणार नाही. त्यासाठी सोनारची खोली दाखवावी लागेल, समुद्राच्या थरांचं चित्र काढावं लागेल, हजार यार्ड म्हणजे किती ते किनाऱ्यावर खुणा करून दाखवावं लागेल. सुरक्षेचा मुद्दा कुणी पुढे करील, तर तो आज लागू होत नाही. त्या पिढीची सोनार यंत्रणा केव्हाच भंगारात गेली आहे. आणि आपण बोललो नाही म्हणून गोष्ट सांगायची राहते असंही नाही. हंगोर आज कराचीच्या सागरी संग्रहालयात जपून ठेवली आहे. ९ डिसेंबर हा पाकिस्तानी नौदल हंगोर दिन म्हणून पाळतं. तिचे कमांडर अहमद तस्नीम यांनी दोन भारतीय जहाजांचा माग कसा काढला, ती कोणत्या आखणीने फिरत होती, याचं वर्णन वेळोवेळी केलं आहे. म्हणजे खुकरीच्या शेवटच्या तासांचा तपशील आपल्या मुलांना हवा असेल, तर तो त्यांना जहाज बुडवणाऱ्याच्या तोंडून ऐकावा लागतो. ही गोष्ट मला कुठल्याही टीकेपेक्षा जास्त लागते.

हे दुरुस्त करायला फार पैसा लागणार नाही, वेळ मात्र हातात थोडा आहे. १९७१ मध्ये जे विशीत होते ते आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. खुकरीवरून वाचलेले, कृपाणवरून ती आग आणि तो धूर पाहिलेले, दुसऱ्या दिवशी पाण्यातून माणसं उचलणारे, आणि ट्रॉम्बेत जैन यांच्या शेजारी बसून सर्किटं जुळवणारे, यांतल्या जितक्यांना बोलतं करता येईल तितक्यांना आत्ताच बोलतं करायला हवं. कार्डोझो यांनी एकट्याने केलं ते आता नौदलाच्या इतिहास विभागाने, विद्यापीठांनी आणि दीव प्रशासनाने मिळून पुढे न्यायला हवं. विचारायचे प्रश्न साधे आहेत. नवं उपकरण जहाजावर कुठे बसवलं होतं? त्या संध्याकाळी सोनारवर पाळी कुणाची होती? उपकरणाने आधीच्या दिवसांत काही पकडलं होतं का? बॉयलरपाशी कोण होतं, भटारखान्यात कोण होतं, कुणाची पाळी संपून तो नुकताच आडवा झाला होता? जमलेली उत्तरं हिंदी, गुजराती, मराठी आणि इंग्रजीत टेकडीवरच्या काचघराशेजारी लावावीत, १९४ नावांसह आणि प्रत्येक नावापुढे त्याच्या कामासह. आणि जैन यांच्या नावापुढे ‘सोनारवर काम करणारा अधिकारी’ एवढं तरी निश्चित लिहिता येईल.